तुरुंगाच्या विटांचं न्यायालय

जोहान्सबर्गच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर गेलात तर आधी 'नंबर फोर' पाहा, न्यायालय नंतर. काळ्या पुरुष कैद्यांचा हा तुरुंग १९८३ मध्ये बंद झाला. कैद्यांनी काही लपवलंय का हे बघायला त्यांना इथल्या चौकात नागडं करून नाचायला लावत. कैद्यांच्या शिध्याचा तक्ताही आहे; वंशानुसार प्रत्येकाच्या ताटात काय पडायचं ते त्यात मांडलंय. पंक्तिभेद आपल्याला नवा नाही, पण तो असा सरकारी कागदावर, मोजूनमापून लिहिलेला बघून पोटात ढवळलं. १९०८ मध्ये गांधीजीही याच आवारात कैदी होते.

वर्णद्वेषी राजवट गेल्यावर नव्या संविधान न्यायालयासाठी न्यायमूर्तींनी हीच टेकडी निवडली. २००४ मध्ये इमारतीचं उद्घाटन झालं, २१ मार्चला, म्हणजे शार्पव्हिलच्या गोळीबाराच्या स्मृतिदिनी; १९६० मध्ये तिथे पोलिसांनी काळ्या निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या. कच्च्या कैद्यांची बराक पाडली, पण तिचे जिने उभेच ठेवले आणि विटा नव्या भिंतींत रचल्या. त्यांना गिलावा केलेला नाही, हे मला फार आवडलं. न्यायदालनात शिरायला कोणाला मज्जाव नाही. न्यायमूर्तींच्या मागे एक लांब आडवी खिडकी आहे; तिच्यातून बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. मी बराच वेळ ते पायच बघत बसलो. बूट, चपला, एक शाळकरी पोरांची धावती रांग.

बाहेर मात्र म्हातारी माणसं प्लास्टिक ताणून राहत होती. वर्णद्वेषाच्या काळात भरडलेली ही मंडळी २०२३ च्या अखेरीपासून नुकसानभरपाईसाठी इथे ठाण मांडून होती. वर्णद्वेषी काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या सत्य व सलोखा आयोगाने पीडितांना सहा वर्षं दरवर्षी रक्कम द्यावी असं सुचवलं होतं. सरकारने २००३ मध्ये प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच द्यायचं ठरवलं, तेही फक्त आयोगाच्या यादीतल्यांना. यादीत जेमतेम २२,००० नावं. इतक्या मोठ्या देशात, इतक्या वर्षांच्या जुलमाची!

एका आजींनी मला हाक मारली. "इंडियातून? मग गांधींची कोठडी पाहिली असेल."

"हो, पाहिली."

"मग आमचंही वाचून जा." त्यांनी पुठ्ठ्याच्या फलकाकडे बोट केलं.

मागणी साधी होती: बंद केलेली यादी पुन्हा उघडा.