खंबाटकीत अडखळणारी व्हीटेक आणि तिसरी वायर

बाबांनी 2002 साली घेतलेली होंडा सिटी व्हीटेक आजही माझ्याकडे आहे. व्हीटेक म्हणजे इंजिन वेगाने फिरू लागलं की व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा. दीड लिटरचं, 106 हॉर्सपॉवरचं इंजिन. पाच हजार आरपीएमच्या आसपास त्याचा आवाज बदलतो आणि गाडी मोकळी सुटते. त्या आवाजापायी मी ती विकत नाही.

जुलैत साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर तो आवाज आलाच नाही. तिसऱ्या गिअरला पेडल दाबलं की गाडी मिसिंग मारायची, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं राहून गाडी अडखळायची. सपाटीवर हळू चालवली की काही तक्रार नाही. आमच्या मेकॅनिक काकांना पेट्रोल फिल्टरचा संशय, मला स्पार्क प्लगना करंट नेणाऱ्या प्लग वायरींचा. भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. वायरीचं किंवा तिच्या टोकाला प्लगवर बसणाऱ्या टोपीचं रबर थकलेलं असेल तर करंट प्लगपर्यंत न जाता मधूनच हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागावर उडी मारतो. पावसाळी हवेत हमखास.

रात्री पार्किंगमधला दिवा बंद केला, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि कुंड्यांच्या पाण्याच्या स्प्रेने वायरींवर हलका फवारा मारला. तिसऱ्या टोपीपाशी निळी ठिणगी टिकटिकत होती! सकाळी मल्टीमीटर लावला. तीन वायरी 9 ते 12 किलोओहम, तिसरी 38. त्या काळच्या होंडांना मर्यादा 25 ची. शिवाय त्या प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल नळीत, ऑइल साचलं होतं, टोपी फुगून मऊ पडली होती. नुसती वायर बदलली असती तर नवीनही तशीच गेली असती, म्हणून इंजिनावरचं व्हॉल्व्ह कव्हर उघडून त्या नळ्यांची, प्लग ट्यूबची, सीलंही बदलली.

दुकानदाराने लाल, 10 मिलिमीटरच्या वायरी पुढे केल्या. "पिकअप वाढेल बघा." मी नको म्हणालो. ती जाडी बहुतेक इन्सुलेशनची असते, आणि प्लगच्या टोकाची फट ओलांडायला लागतं तेवढंच व्होल्टेज ठिणगी घेते. जाड वायर मूळ क्लिपांत बसत नाही, मग एक्झॉस्टला टेकून भाजते. नुसत्या तांब्याच्या तारेची वायर तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर असलेल्या गाडीत घालूच नये, तिचा खरखराट रेडिओत आणि सेन्सरच्या सिग्नलमध्ये घुसतो. मी 7 मिलिमीटरच्या, सिलिकॉन आवरणाच्या, आत बारीक तारेची गुंडाळी असलेल्या वायरी घेतल्या.

इंजिन थंड असताना एकेक वायर काढायची आणि तिच्या जागी लगेच नवी बसवायची, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा 1-3-4-2 हा क्रम चुकत नाही. वायरीला कधीच ओढू नका. टोपी धरा, थोडी फिरवा, मग वर घ्या. नव्या टोपीत डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या ग्रीसचं बोट फिरवा आणि 'टक' ऐकू येईपर्यंत दाबा. प्लगही नवे घातले, 1.1 मिलिमीटर गॅपचे. हेड अॅल्युमिनियमचं, म्हणून आधी हाताने आटे धरवले, मग ठरावीक जोरानेच आवळता येणाऱ्या टॉर्क पान्याने 18 न्यूटन-मीटर.

रविवारी काकांना शेजारी बसवून पुन्हा खंबाटकी चढलो. तिसरा गिअर, पूर्ण पेडल. आवाज बदलला तशी काकांनी काच खाली केली आणि घाटमाथ्यापर्यंत ते काही बोलले नाहीत.