व्यसनमुक्ती दवाखान्याला हरकत घेण्याआधी काय विचारायचं

तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात व्यसनमुक्ती दवाखाना येणार अशी कुणकुण लागली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्या तासाभरातच सगळं येऊन जातं. गर्दुल्ले जमतील, मुलांना खाली खेळायला पाठवायचं कसं, नगरसेवकांकडे कोण कोण येतंय. ही भीती निराधार नाही. वाईट चालवलेलं केंद्र शेजाऱ्यांना खरंच छळतं. पण "इथं नकोच" एवढंच म्हणणाऱ्या सह्यांच्या अर्जाचं नुकसान आधी त्याच शेजाऱ्यांना होतं, कारण परवानगी मागून येणारी संस्था मागे फिरते आणि भाड्याचा बंगला घेऊन, पाटी न लावता, खिडक्यांना जाळ्या ठोकून बसणाऱ्याला कोणी काही विचारतच नाही.

म्हणून बैठकीतला पहिला प्रश्न असा हवा: नक्की काय येतंय? एकाच नावाखाली अगदी वेगळी कामं चालतात. फक्त समुपदेशन आणि बाह्यरुग्ण तपासणी असेल तर तो इतर कुठल्याही दवाखान्यासारखाच दवाखाना. दारू सोडायला आलेले, एमडी (मेफेड्रोन) या अमली पावडरीच्या विळख्यातून बाहेर पडू पाहणारे, झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेले लोक ठरलेल्या वेळी येतात आणि जातात. (एमडीला पर्यायी औषध नाही. तिथं समुपदेशन आणि झोप, नैराश्य, संशय यांवरचे उपचार एवढंच हातात असतं.) दुसरा प्रकार ओएसटी केंद्राचा, म्हणजे गर्द (हेरॉइन) ओढणाऱ्या किंवा टोचून घेणाऱ्यांना रोज पर्यायी औषध देणारं केंद्र. तिसरा निवासी. तिन्हींचे धोके वेगळे, म्हणून अटीही वेगळ्या.

ओएसटीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून ते नीट सांगायला हवं. इथं बहुतेक रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली देतात, काही ठिकाणी मेथाडोनचं सिरप पाजतात. ब्युप्रेनॉर्फिन गर्द ज्या जागी मेंदूत चिकटतो त्याच जागी चिकटतं, पण त्याच्या परिणामाला वरची मर्यादा आहे आणि तो दिवसभर टिकतो. शरीर तडफडत नाही, म्हणून माणूस कामावर जाऊ शकतो. पहिला डोस शेवटच्या गर्दानंतर साधारण १२ ते २४ तासांनी, टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, सुरू झाल्यावरच देतात. घाईने आधी दिला तर तेच औषध टर्की एकदम उसळवतं आणि रुग्ण परत येत नाही. सुरुवात २ ते ४ मिलिग्रॅमने करून काही दिवसांत डोस वाढवतात. गोळी परिचारिकेसमोरच घ्यायची असते. आधी पाण्याचा घोट, मग कुटलेली गोळी जिभेखाली, पूर्ण विरघळेपर्यंत पाचदहा मिनिटं समोर बसायचं, शेवटी तोंड उघडून दाखवायचं. कुटतात ते अशासाठी की अख्खी गोळी तोंडातून काढून बाहेर विकता येते. ज्या केंद्रात ही पाचदहा मिनिटं वाचवली जातात, त्याच्या गल्लीत गोळ्या विकल्या जाऊ लागतात. तेव्हा विचारा: गोळी कुटून देता का? समोर किती वेळ बसवता? कपाटाच्या दोन किल्ल्या कोणाकोणाकडे असतात? रोजचा साठा आणि दिलेले डोस यांचा मेळ संध्याकाळी कोण घालतं? चांगल्या केंद्राला या प्रश्नांचा राग येत नाही.

आता वेळेचं. रहिवाशांची हमखास मागणी असते की केंद्र दिवसातून दोनच तास उघडं ठेवा. याचा परिणाम नेमका उलटा होतो. आदल्या दिवशीच्या डोसचा जोर ओसरत आलेला माणूस अस्वस्थ असतो, त्याला लवकर औषध हवं असतं. दोन तासांची खिडकी ठेवली की सगळे दार उघडायच्या आधीच फुटपाथवर जमतात आणि चित्र नेमकं लोकांना नको असतं तसं दिसतं. सकाळी लवकर उघडून दुपारपर्यंत चालू ठेवलं तर कामावर जाणारे पहाटेच औषध घेऊन निघून जातात, बाकीचे विखुरले जातात. आमच्या मते वेळ कमी करण्यापेक्षा आत पुरेशी बसायची जागा मागणं केव्हाही शहाणपणाचं. शंभर रुग्ण आणि बाकं दहा असतील, तर बाकीचे रस्त्यावरच उभे राहणार. रविवारी आणि सणासुदीला डोस मिळणार की नाही हेही विचारा. जोडून सुट्ट्या आल्या आणि केंद्र बंद राहिलं तर त्या दिवसांत रुग्ण पुन्हा विक्रेत्याकडे जातो. २०२० च्या टाळेबंदीत स्थिरावलेल्या रुग्णांना काही दिवसांचं औषध घरी न्यायची मुभा दिली गेली होती. आजची पद्धत काय आहे, कोणाला आणि किती दिवसांचं देतात, हे केंद्राकडून लेखी घ्या.

गर्द विकणारे केंद्राभोवती घुटमळतात का? घुटमळू शकतात. गिऱ्हाईक कुठं येतं हे त्यांना कळतं. पण गस्त नाक्यावर हवी, केंद्राच्या दारात नको. दारातच झडती सुरू झाली की रुग्ण यायचे थांबतात आणि विक्रेता मात्र दोन गल्ल्या पलीकडे सरकतो. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४अ सेवनासाठी किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल गुन्हा दाखल झालेल्या व्यसनी माणसाला, तो स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर, खटल्यापासून संरक्षण देतं. पोलिसांशी बोलताना हे कलम ठाऊक असावं. गुन्हे वाढतात का, यावर अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात अभ्यास झाला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत उपचार केंद्रांभोवतीचे हिंसक गुन्हे दारूच्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानांभोवतीच्या गुन्ह्यांपेक्षा जास्त आढळले नाहीत. ते शहर वेगळं, हे मान्य. तरी निव्वळ अंदाजापेक्षा हा आधार बरा.

निवासी केंद्राची मात्र आम्हालाही धास्ती वाटते आणि इथं शेजाऱ्यांनी कडक असावं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींना मानसिक आजारात धरतो. म्हणून रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. ट्रस्टच्या नोंदणीचा किंवा दुकानाच्या परवान्याचा कागद दाखवला तर तो पुरत नाही. साखळीने बांधणं या कायद्याने बंद आहे, सक्तीने डोकं भादरणंही आणि पगार न देता जबरदस्तीने काम करून घेणंही. घरच्यांनी "उचलून न्या" म्हटलं म्हणून कोणालाही गाडीत घालून आणता येत नाही. इच्छेविरुद्ध दाखल करण्यासाठी याच कायद्याचं कलम ८९ आहे. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधीचा (उपचारांच्या निर्णयात रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा) अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, मुदत जास्तीत जास्त ३० दिवस.

रात्री डॉक्टर कोण, हा प्रश्न कधीही सोडू नका. दारू अचानक थांबवलेल्या माणसाला पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर, ताप असा प्रकार उद्भवला आणि तो वेळेत ओळखला नाही तर माणूस दगावतो. रात्रीच्या आरडाओरड्याची तक्रार बरेचदा याचीच असते: आत कोणाला तरी औषध हवं आहे आणि द्यायला कोणी नाही. ऑक्सिजन आहे का, जवळच्या कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे, रुग्णवाहिका कुठून येणार, हे विचारा. गर्दच्या बाबतीत आणखी एक धोका घरी गेल्यावर येतो. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि बाहेर आल्यावर जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास थांबतो. ज्या केंद्राकडे रुग्णाला घरी सोडल्यानंतरच्या पाठपुराव्याची काहीच सोय नाही, ते अर्धंच काम करतं.

कायद्याचं बळ कुठं आहे हेही माहीत असू द्या. दारूचं दुकान बंद करायला महाराष्ट्रात आडव्या बाटलीचं मतदान आहे, म्हणून काहींना वाटतं की दवाखानाही मतांनी हटवता येईल. तशी सोय नाही. ओएसटी आणि सुयांच्या अदलाबदलीसारख्या (वापरलेली सुई घेऊन नवी देण्यासारख्या), एचआयव्हीचा धोका कमी करणाऱ्या उपायांना तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम २२ थेट संरक्षण देतं, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते चालत असतील तर. तुमचं म्हणणं चालतं ते इथं: गाळ्याचा मंजूर वापर काय, अग्निसुरक्षेचं जानेवारी आणि जुलैत द्यायचं ब नमुन्यातलं प्रमाणपत्र आहे का, जैववैद्यकीय कचरा कोण उचलतो. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जायला हव्यात आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कचरा प्रक्रिया केंद्राशी झालेल्या कराराची प्रत मागा. केंद्र दाखवत नसेल तर महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत.

घरांच्या किमतीचा मुद्दा हळू आवाजात का होईना निघतोच. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा गेटबाहेरची गर्दी, कचरा आणि आवाज हे लेखी अटींत बांधून घ्या.

अटींचा कागद साधा असावा. उघडण्याच्या वेळा, आत बसायच्या जागा, पहारेकरी कुठं उभा राहणार, रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर आणि त्यामागे एक नाव, दर तीन महिन्यांनी रहिवाशांबरोबर बैठक. कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून असावा, रुग्णांच्या चेहऱ्यांवर नको. रुग्णांची नावं मागू नका आणि रांगेचे फोटो ग्रुपवर टाकू नका. उपचारांची माहिती आणि छायाचित्रं गोपनीय ठेवण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. शिवाय त्या रांगेत तुमच्याच विंगमधला कोणी असू शकतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. बाकीचे ३७ आपापल्या घरीच आहेत.

केंद्र सुरू झाल्यावर अट मोडली तर तारीख-वेळ लिहून आधी त्या फोनवर कळवा, मग वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. आत मारहाण किंवा डांबून ठेवण्याचा संशय आला तर १०० किंवा ११२ वर पोलिसांना बोलवा आणि रुग्णाच्या घरच्यांना जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो हे सांगा. आणि घरातल्याच कोणासाठी उपचार शोधायची वेळ आली तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन लागतो, पैसे पडत नाहीत.