तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगा फौजेत, आणि वैऱ्यांवर प्रीती

‘मुलगा फौजेत, आणि रविवारी चर्चमध्ये तुम्ही येशूचं “आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा” वाचता. कसं जमतं?’ मंडळीतले विचारतात, शेजारीही विचारतात. शेजाऱ्यांच्या मनात खरं तर वेगळंच असतं: तुमची माणसं देशासाठी लढतील का? त्याला एक नाव पुरे. लान्स नायक अल्बर्ट एक्का, गंगासागरची लढाई, १९७१, मरणोत्तर परमवीर चक्र. ख्रिस्तीच होते.

मंडळीतल्यांना असं तोडून टाकता येत नाही, कारण त्यांचा प्रश्न आधी माझाच होता. मी नगरची. इकडे मिशनची चर्चं, तिकडे रणगाड्यांची छावणी. तरुण संघात मी ठासून सांगायचे, बंदूक धरणाऱ्याने प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीला, हात पुढे करू नये. दाखला मॅक्सिमिलियनचा: इ.स. २९५, आजचं अल्जीरिया, २१ वर्षांचा मुलगा. मी ख्रिस्ती आहे, रोमी सैन्यात जाणार नाही म्हणाला, आणि त्याचा शिरच्छेद झाला. आता मी बायबलमधल्या कफर्णहूमच्या शताधिपतीचा, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचा, दाखला देते. येशूने त्याचा विश्वास वाखाणला, नोकरी सोड म्हटलं नाही. पण तेव्हाची मी ऐकून घेत नाही. गप्प राहणं म्हणजे परवानगी का? आणि येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला, तर तलवार म्यानात घाल म्हणून स्पष्ट सांगितलं होतं!

मे २०२५. मुलगा पश्चिम सीमेवर, फोन लागत नव्हता. आमच्या घरी प्रार्थनासभा होती. सगळ्यांनी जवानांसाठी प्रार्थना केली. मग मंडळीतल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, ‘प्रभू, पलीकडच्या आयांची लेकरंही सांभाळ.’ सगळे आमेन म्हणाले. मी म्हटलं नाही. त्या लेकराची तोफ माझ्या लेकराकडे रोखलेली असेल, हे यांना कळत नाही का? कळत होतं. मावशींचा स्वतःचा भाऊ फौजेत असताना गेला. निघताना त्यांनी माझे हात धरले, समजावलं काहीच नाही. रात्री मी फक्त माझ्या मुलासाठी गुडघे टेकले. झोप येईना तेव्हा उठून दोघांसाठी मागितलं, आणि देवासमोर खोटं बोलतेय असं वाटत राहिलं.

मुलगा सुखरूप आला. तिथे काय केलंस, हे मी विचारलेलं नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांना मी कधीकधी सुनावते की तुम्ही निवांत झोपता ते कुणाचा तरी मुलगा जागा असतो म्हणून. त्यांना लागतं. लागू दे. मॅक्सिमिलियनचा बाप मुलगा मारला गेल्यावर देवाचे आभार मानत घरी गेला, असं त्याच्या वृत्तांतात आहे. मला ते कधीच जमणार नाही. मुलाच्या वर्दीचा मला अभिमान आहे, आणि ते वचन वाचताना माझा आवाज अडतो. तेव्हा कसं जमतं म्हणाल, तर जमत नाही. तरी मी त्याला नोकरी सोड म्हणणार नाही, आणि ते वचन गाळून पुढचंही वाचणार नाही.