आमची वाटचाल : ट्रॅक्टरच्या पिनांपासून टायटॅनियमच्या झाकणापर्यंत

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर सुरुवात केली. ट्रॅक्टरच्या पिना, बुश, ब्रॅकेट. हे काम सगळेच करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग एक ड्रॉइंग आलं. चिलखती गाडीच्या हॅचचा, म्हणजे वरच्या झाकणाचा नमुना हवा होता. मटेरियल ग्रेड ५ टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमवालं. प्लेट उचलून आमचे वेल्डर मामा म्हणाले, "शेठ, आतून पोकळ आहे का ओ ही?" पोलादाचा घन सेंटिमीटर ७.८५ ग्रॅमचा, याचा ४.४३. बीएमपी-२ सारखी लष्कराची चिलखती गाडी पाण्यात तरंगून नदी ओलांडते. तिच्यावर पोलाद किती लादणार? अमेरिकेच्या ब्रॅडली या चिलखती गाडीवरही कमांडरचं हॅच टायटॅनियमचं केलं, ते वजनासाठीच. अख्खी गाडी कुणी याची करत नाही. भाव ऐकला की कारण विचारावं लागत नाही.

लेथवर पहिल्याच दिवशी इन्सर्ट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराची टोकं, जळाले. टायटॅनियममध्ये उष्णता जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, पसरत नाही, हत्याराच्या टोकाशीच साचते. आरपीएम उतरवला, थंड करणारं कुलंट वाढवलं, निभावलं.

खरी फजिती वेल्डिंगची. पहिला वेल्ड मोरपिशी निळा झाला. इतका देखणा, की आम्ही फोटो काढून कस्टमरला पाठवला! उत्तर आलं: रिजेक्ट. टायटॅनियमचा वेल्ड चांदीसारखा दिसला पाहिजे. निळा म्हणजे तापलेल्या धातूला हवा लागली, ऑक्सिजन शिरला, ठिसूळपणा आला. असं झाकण गोळी लागली की तडकायचं. खरं सांगतो, माझ्या मनात आधी बफ मारून रंग घालवायचंच आलं होतं. मामा म्हणाले, "रंग जाईल, आतलं कसं जाईल?" जॉब भंगारात टाकला.

मग तांब्याच्या पत्र्याची पेटी वाकवली, आत बारीक जाळी घातली आणि ती वेल्डिंगच्या टॉर्चच्या मागे बांधली. वेल्ड ४०० अंशांच्या खाली येईपर्यंत हवा लागू नये म्हणून त्यावर आर्गॉन गॅस सोडत राहायचं, प्लेटच्या पाठीमागूनही. वाऱ्याने गॅस उडतो म्हणून पंखे बंद, शटर खाली. मे महिन्यात भोसरीत पत्र्याच्या शेडखाली हे करून बघा! चौथ्या जॉबला चांदी उतरली.

झाकण पास झालं. पुढे त्याच कस्टमरचे काही ब्रॅकेट मिळाले, मोठी ऑर्डर अजून नाही. पगार अजून ट्रॅक्टरच्या पिनांवरच निघतात.