मावशीच्या बोटांसाठी

शनिवार, रात्र

टेबल अजून आवरलेलं नाही. शाईच्या पॅडवर तेवढं झाकण लावलं आणि कागदाचे कपटे, टेपची सालं, रबराचा भुगा सगळं तसंच ठेवून लिहायला बसले. आजचा दिवस विसरायचा नाही.

परवा मावशीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. दरवर्षी तिला मी हातानं केलेलं कार्ड देते. ती ते खिडकीपाशी नेऊन सावकाश बघायची. नक्षी कुठे जुळवली आहे, ठशातली कुठली रेघ फिकी उमटली आहे, काही सुटायचं नाही. आता तिच्या नजरेतला मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, समोर धरलेलं पुसट होतं. मागच्या भेटीत तिनं गेल्या वर्षीचं कार्ड कपाटातून काढलं आणि त्यावरून बोटं फिरवत मला विचारलं, "इथे काय होतं गं?" तिथे मी हौसेनं निवडलेला, बारीक फुलांचा कागद होता. तिच्या बोटांना तो नुसता गुळगुळीत लागत होता.

म्हणून या वेळी ठरवलं, जे बोटांना कळेल तेच कार्डावर राहील.

तयार ठशांवरची अक्षरं बारीक, वळणावळणाची असतात. तिच्यासाठी ती निरुपयोगी. "मावशी" एवढा एकच शब्द, मोठ्या अक्षरांत, स्वतःच कोरायचा असं ठरलं. कोरायच्या मऊ रबराची लादी घरात होती. ठशावर अक्षर उलटं हवं, हे पहिल्यांदा कोरणाऱ्याला फार गोंधळात टाकतं, पण त्याची युक्ती सोपी आहे. ट्रेसिंग पेपरवर शब्द मऊ पेन्सिलीनं सुलटाच लिहायचा, कागद पालथा करून रबरावर ठेवायचा आणि मागून नखानं घासायचं. शिसं रबरावर उतरतं ते आपोआप उलटं होऊन. मग अक्षर सोडून बाकीचं रबर काढून टाकायचं. कोरणी तिरकी, अक्षरापासून बाहेरच्या बाजूला उतरती धरायची, म्हणजे अक्षराच्या भिंतींना पायथा राहतो. सरळ खाली किंवा आत कापलं तर शाई लावून दाबताना ती भिंत कलते. वळण आलं की हात तसाच ठेवून रबर फिरवायचं.

'व'च्या पोटातली पोकळी काढायला मला पाऊण तास लागला. 'श'ला त्याहून जास्त. पण कोरताना एक गोष्ट लक्षात आली आणि फार बरं वाटलं. शिरोरेषा अखंड असल्यामुळे सगळी अक्षरं तिला धरून राहतात, ठसा लेचापेचा होत नाही. आणि हीच रेघ मावशीच्या बोटाला वाट दाखवील. बोट त्या रेघेवरून सरकत जाईल, खाली एकेक अक्षर लागेल.

आता ते अक्षर उंच हवं. त्यासाठी एम्बॉसिंग, म्हणजे ओल्या शाईवर खास पावडर टाकून ती उष्णतेनं वितळवायची, की अक्षर उठून येतं. कागदात झटकन मुरणारी डाय शाई इथे चालत नाही, कारण पावडर टाकेपर्यंत ती सुकलेली असते. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसून राहते, सावकाश वाळते, म्हणून पावडर तिला धरते. काळी शाई लावून ठसा दाबला, वर पारदर्शक पावडर भुरभुरली, उरलेली झटकली. (कागद आधी टाल्कच्या पुरचुंडीनं पुसून घेतला, नाहीतर पावडरचे कण नको तिथेही चिकटून राहतात आणि वितळले की ठिपके पक्के होतात.) मग हीट गन, म्हणजे खूप गरम हवेचा झोत सोडणारं हातातलं यंत्र. केस वाळवायचा ड्रायर इथे उपयोगाचा नाही. त्यात वारा जास्त, उष्णता कमी, पावडर वितळण्याआधी उडून जाते.

पहिलं कार्ड वाया गेलं. अक्षर चमकायला लागल्यावरही मी गन तिथेच धरून ठेवली. जास्त तापलं की वितळलेली पावडर कागदात उतरते आणि उठाव बसतो. दिसायला ते अक्षर काळंभोर आणि सुंदर होतं. एरवी मी ते ठेवलं असतं. आज डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं आणि बाजूला काढलं.

दुसऱ्या वेळी जाड दाण्याची पावडर घेतली. कागद खालून तापवायला सुरुवात केली, खरखरीत दाणे एकाएकी ओले दिसू लागले तशी गन पुढे सरकवली. अक्षर गरम असतानाच वर पुन्हा पावडर, पुन्हा उष्णता. दोन थरांनंतर 'मा'चा काना बोटाला स्पष्ट लागला. मग शिरोरेषा. मी तीन-चार वेळा डोळे मिटून तो शब्द वाचला. खूप वेळ हसत होते.

नक्षीच्या कागदाचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. शब्दाच्या मागे नक्षी नको, हे उघड होतं. नजर अधू असली की अक्षर आणि नक्षी एकमेकांत मिसळतात. कोऱ्या पांढऱ्यावर गडद काळं, एवढंच तिला दिसायची आशा. पण नक्षीचे कागद मला जपून ठेवायला शिकवलं ते तिनंच. भेटवस्तूचं वेष्टन ती कधी फाडायची नाही, टेप हलक्या हातानं सोडवून कागदाची घडी करून ठेवायची. तिच्या कार्डावर नक्षीचा कागद नाही, हे मला सहन झालं नसतं.

मग झाडाच्या पानाचा जुना लाल रबराचा ठसा काढला. पारदर्शक पॉलिमरचे माझे बरेच ठसे पिवळे पडले, हा लाल रबराचा मात्र अजून तसाच खणखणीत उमटतो. तीन वेगवेगळ्या नक्षीच्या कागदांवर तो उठवला, शिरांवर पावडर वितळवली आणि पानं कात्रीनं कापली. एक फोम टेपच्या (स्पंजासारखी जाड चिकटपट्टी) दोन थरांवर, एक एका थरावर, एक नुसतं डिंकानं टेकवलेलं. डिंक अगदी कमी, कारण पाण्याचा अंश असलेल्या डिंकानं पातळ कागद वळतो. आता पानाची कड लागते, मग शीर लागते, मग उतरत दुसरं पान. त्यातल्या एका पानाचा कागद मी सहा वर्षं न कापता ठेवला होता, निळ्यावर सोनेरी ठिपके. कापताना हात थांबला नाही.

मूळ कार्ड ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कागदाचं, ए४ कागदाचा अर्धा भाग दुमडून १४८ बाय १०५ मिलिमीटर, आडवं, घडी वरच्या बाजूला. घडी कागदातल्या तंतूंच्या दिशेनं आली पाहिजे, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघितला की ज्या बाजूनं दुमडताना तो कमी अडतो, तीच ती दिशा.

मध्यंतरी वाचलं होतं की १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार हॉर्स्ली यांच्याकडून नाताळचं कार्ड करून घेतलं. छापील होतं, वरून हातानं रंगवलेलं, आणि त्यावर ज्याला द्यायचं आणि जो देतोय त्यांच्या नावांसाठी जागा कोरी सोडलेली होती. आज ती कोरी जागा सारखी आठवत होती. माझ्या कार्डावर मावशीचं नाव दर वर्षी आत, कोपऱ्यात, बारीक अक्षरात असायचं. या वर्षी दर्शनी बाजूला शब्द म्हणून फक्त तेच आहे.

आतला मजकूर जाड काळ्या मार्करनं लिहिला. तिच्या भिंगातून एका वेळी दोन-तीन अक्षरं दिसतात, म्हणून वाक्यं दोनच. काय लिहिलं ते इथे उतरवत नाही, ते तिचं आहे.

फोममुळे कार्ड चांगलं तीन-चार मिलिमीटर जाड झालंय आणि साध्या पाकिटात जात नाही. उद्या खोलगट पाकीट शिवल्यासारखं दुमडून करीन. निळ्या कागदाची एक लांब पट्टी उरली आहे, ती पाकिटाच्या झाकणावर, दुहेरी करून लावीन, म्हणजे कुठून उघडायचं ते तिला कुणाला विचारावं लागणार नाही.