कापूस एक, खाती अनेक

नागपुरात शेतीविषयी बोलताना ‘केंद्र सरकार’ हा शब्द फार ढोबळपणे वापरला जातो. केंद्रीय कृषी मंत्रालयात दोन विभाग आहेत: योजना व पीक विमा पाहणारा कृषी आणि शेतकरी कल्याण विभाग, आणि संशोधन व शिक्षण विभाग. दुसऱ्याचे सचिवच १९२९ साली स्थापन झालेल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक असतात. बोंड फोडल्यावर सरकीत दडलेली गुलाबी अळी दिसते, तिच्यावर आपल्याकडील केंद्रीय कापूस संशोधन संस्था काम करते, ती या परिषदेचीच. मात्र त्याच कापसाचा हमीभाव पहिल्या विभागाशी संलग्न आयोग सुचवतो, आणि हमीभावाने खरेदी करणारे कापूस महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, हे बहुतेकांना ठाऊकही नसते. खत तर तिसऱ्याच मंत्रालयाकडे.