तुम्ही विचारलंत म्हणून: ओव्हलवरून दिसणारं विद्यापीठ

मी मुंबई विद्यापीठाची, हे कळलं की हमखास प्रश्न येतो: "फोर्टात जाऊन विद्यापीठाचा इतिहास बघायचाय, सुरुवात कुठून करू?"

ओव्हल मैदानातून करा. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे हायकोर्ट, मग ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर, उजवीकडे दीक्षान्त सभागृह. विद्यापीठ १८५७चं, सभागृह १८७४चं, टॉवर १८७८चा. न्यायमूर्ती रानडे १८६२ साली पहिल्या तुकडीत बी.ए. झाले, तेव्हा यातलं काहीच उभं नव्हतं. (याच सभागृहात त्यांना पदवी मिळाली, असं कुणी ठासून सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला.)

मग हा थाट आला कुठून? कापसातून. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडे मुंबईच्या व्यापाऱ्यांचं उखळ पांढरं झालं. प्रेमचंद रायचंद त्या तेजीचे राजे. त्यांनी ग्रंथालयाला दोन लाख दिले, टॉवरला आणखी दोन लाख. नाव आईचं, राजाबाई. १८६५ मध्ये युद्ध संपलं, तेजी ओसरली, तिच्यावर फुगलेल्या शेअर्सची रद्दी झाली, खुद्द प्रेमचंदांचं दिवाळं निघालं. टॉवरचा पाया घातला गेला तो त्यानंतर, १८६९ मध्ये! पैसे आधीच विद्यापीठाच्या पदरात पडले होते म्हणून, नाहीतर तेही त्या बुडीत गेले असते. सभागृहाला लाख रुपये देणाऱ्या कावसजी जहांगीरांचं तर आडनावच रेडीमनी.

विद्यापीठाच्या या इमारतींचे नकाशे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचे. ते त्याने लंडनहून पाठवले. मुंबईत पाऊलही ठेवलं नाही. म्हणून माझा जीव टॉवरवरच्या दगडी माणसांत जास्त. पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे हे पुतळे. पेहराव निरनिराळे, पगड्याही. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच इंजिनिअराने. खालून नीट दिसत नाहीत, दुर्बीण न्या.

आत सोडलं तर ग्रंथालयात दुपारी चारच्या सुमारास जा. एम.ए.च्या वर्षी मी तिथे बसायचे. त्या वेळी पश्चिमेच्या रंगीत काचांतून निळा-तांबडा उजेड वहीवर उतरायचा आणि ओळींवरून हळूहळू सरकायचा. डोक्यावर घड्याळ पाव-पाव तासाला वाजायचं. अभ्यास किती झाला, ते नका विचारू.